मधली मोकळी जागा

प्रिय अक्का,

डब्यासोबत पत्र आलं म्हणून हसू नकोस. दाजी यशवंतपूरच्या बाजारातून जयनगरला हॉस्पिटलात तुमच्याकडेच निघालेत, त्यांच्या हाती देतेय. तुझा फोन अप्पांच्या उशाशी असतो, तोही स्पीकरवर, आणि मेसेज आला की ते चष्मा शोधून मोठ्यानं वाचतात. हे आधी तू एकटीनं वाचायला हवंस. जिन्यात जा आणि वाच. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

अप्पा जेवले का? उद्याच्या ऑपरेशनची भीती त्यांना नाही, सगळी माझ्या वाट्याला आलीय. परवापासून अख्ख्या वॉर्डाला सांगतायत म्हणे, हा सलाइनचा नवा पंप माझ्या चंदनानं केला, कन्नडसुद्धा दाखवतो! ऑपरेशननंतर रक्तदाबाचं औषध थेंबाथेंबानं त्याच पंपातून द्यायचं, असा हट्ट धरून त्यांनी डॉक्टरांनाही 'सरी, सरी', बरं बरं, म्हणायला लावलं. तू हे हसत हसत सांगितलंस, मला मात्र हसता आलं नाही.

मी ऑफिसात नेमकं काय करते हे तू नेहमी विचारतेस आणि मी टाळते. आज ऐक. पंपाच्या आत नखाएवढी चिप असते, तिची मेमरी इवलीशी. त्यात काय कुठे बसायचं ते मी एका फाइलमध्ये लिहून देते, तिला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. पंगतीची पानं मांडण्यासारखंच काम. औषध किती सोडायचं तो आकडा इथे, पडद्यावरची अक्षरं तिथे, आणि वरच्या टोकाला चिपला कच्चं काम करायची जागा. कामाची गर्दी झाली की ही कच्ची जागा खाली खाली पसरत येते. खाली औषधाचा आकडा बसलेला, आणि मध्ये भिंत नाही. म्हणून दोघांमध्ये मी मोकळी जागा सोडते आणि कुणी मागितली तरी देत नाही. कन्नड अक्षरं आली तेव्हा मात्र त्यातली बरीच द्यावी लागली. आमचे मॅनेजर पद्मनाभ सर म्हणाले, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या. या गावात त्या वाक्यापुढे कुणाचं काही चाललंय का? नेहमीच्या चाचण्या ठीक निघाल्या आणि पंप हॉस्पिटलात गेले.

आमच्या कामात एक रीत आहे. त्या मोकळ्या जागेत एकच खुणेचा आकडा भरून ठेवायचा, पंप चालवायचा आणि खूण कुठवर पुसली गेली ते बघायचं. उंबऱ्यात पीठ पसरून मांजर आत आलं का ते बघावं तसं. नव्या मांडणीनंतर हे करायचं घाईत राहून गेलं होतं. अप्पांना हाच पंप लावणार म्हटल्यावर आज सकाळी येऊन केलं. लोकांच्या अप्पांसाठी ते सुचलं नाही, याची लाज वाटते गं.

नुसता चालवला तेव्हा खूण शाबूत होती. मग नळीत बुडबुडा सोडून भोंगा वाजवला आणि तो वाजत असतानाच पडद्याची भाषा बदलली. सिस्टर हेच करणार, भोंगा झाला की कन्नड लावून वाचणार. खूण पार तळापर्यंत पुसली गेली आणि खालचा औषधाचा आकडाही बदलला. पंप पुन्हा सुरू केला तर पडद्यावर जुनाच आकडा, आणि खालच्या ग्लासात मात्र थेंबांऐवजी धार. आता भोंगाही नाही. दुसरा पंप लावून बघितला, त्याचंही तेच.

सगळे नवे पंप काढा, असं तुमच्या हॉस्पिटलला मी लगेच कळवलं. सरांना विचारलं नाही, नोकरीचं व्हायचं ते होईल. बाकीच्या खाटांवरचे पंप निघाले. आत्ता वॉर्डातून फोन आला, एकच राहिलाय, अप्पांचा. तू रक्तपेढीत गेलेली असताना न्यायला आलेल्या सिस्टरला त्यांनी पिटाळून लावलं. माझ्या मुलीच्या पंपाला कुणी हात लावायचा नाही म्हणाले. प्रेशर चढतंय म्हणून डॉक्टर जबरदस्ती करत नाहीत, घरच्यांनी समजवा म्हणतात. आज त्यात नुसतं सलाइन आहे, उद्याच्या औषधाचं तसं नाही. मी स्वतः आले असते, पण दुसऱ्या हॉस्पिटलांतही आमचे पंप आहेत आणि सर इकडे निघालेत. त्यांना हे डोळ्यांनी दाखवून तेही काढायला लावल्याशिवाय मला हलता येत नाही. म्हणून हे तुझ्या गळ्यात घालतेय. मशीन बिघडलं असं अप्पांना सांगू नकोस, ते माझाच दुसरा मागतील. खरं सांग. म्हणावं, चंदनाचा पंप चुकतो आणि चंदनानंच तो काढायला सांगितलाय. त्यांचं तोंड उतरेल. उतरू दे. माझ्यावर रागवायला ते उद्या संध्याकाळी असायला हवेत, अक्का.

तुझीच, फार घाबरलेली,
चंदना