चिखलाची वरची बाजू

४ मार्च

फ्रिजमध्ये चिखल! दुधाच्या शेजारी! नातीच्या प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला, म्हणून तळ्याच्या बुडातून काढलेली हातभर चिखलाची कांडी घरी आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. "आजी, यात सात हजार वर्षांचे परागकण आहेत. वरचे थर नवे, खालचे जुने." म्हटलं, चला, माझ्याहून म्हातारं कुणीतरी घरात आलं.

५ मार्च

दूध सांडलं. प्लास्टिक सोडवलं, पुसलं, कांडी पुन्हा गुंडाळून ठेवली. कुणाला पत्ताही नाही!

१९ मार्च

नात नाचतच आली. सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजून झाले. "आधी माळ होता गं, जंगल नंतर आलं! सगळे उलटं समजत होते!" तिचे सर म्हणाले, शुक्रवारी सगळ्यांपुढे मांड.

मग फोटो दाखवला. "हा शंख बघ, अगदी तळाशी."

तळाशी? मी सोडवलं तेव्हा तो प्लास्टिकवरच्या अक्षरांजवळ होता. मला वाटलं होतं, पोरीनं आपलं नाव घातलंय.

"काय लिहिलंयस गं त्यावर?"

"'वर' लिहिलंय, आजी. चष्मा कुठाय तुझा?"

२० मार्च

चष्मा! जन्म काढला त्याच्या आडून. बँकेत म्हणायचं, चष्मा विसरले; दवाखान्यात म्हणायचं, चष्मा विसरले. रोज हिच्यासमोर पेपर उघडते, फोटो बघते आणि म्हणते, "काय दिवस आलेत!" हा फोनही तिनंच दिला — "डोळ्यांना ताण नको, तू बोल, तो लिहील." काय लिहितो, त्यालाच ठाऊक.

चिखल उलटा ठेवला, हे सांगेन. का ठेवला, ते कोणत्या तोंडानं सांगू?

२१ मार्च

आरशापुढे भाषण घोकत होती. "कसं वाटतंय, आजी?"

"छान," म्हणाले. मेले असते तर बरं.

२२ मार्च

सांगितलं. शंखाचंही, अक्षरांचंही. चेहरा पांढराफटक पडला तिचा. मग सरांना फोन लावला — "सर, कांडी उलटी झाली होती. शुक्रवारचं रद्द करा. चूक माझी, मी दोन्ही टोकांना खूण करायला हवी होती."

माझं नावही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

२३ मार्च

चहा पिताना म्हणाली, "लहानपणी तू मला गोष्टी वाचून दाखवायचीस ना — पुस्तक तेच, गोष्ट रोज नवी. कधीकधी पुस्तक उलटं असायचं. मी गुपचूप सरळ करून द्यायचे."

आणि मी म्हणायचे, कार्टी खोड्या काढते!