पुंजाराम गुरुजींचे दहा गुण

१४ एप्रिल १९८१
एम.एस्सी.चे पेपर तपासले. चितेगावचे प्राथमिक शिक्षक पुंजाराम गुरुजी, वय चाळीस. माझ्या सीमा-मूल्य समस्येखाली चार ओळी खरडून लिहितात: उत्तर अस्तित्वात नाही. आळसाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र! दहापैकी शून्य. सहा गुणांनी नापास. ज्युनिअर कॉलेजातली नेमणूक हुकणार म्हणे. गणित निष्ठुर असते, मी नव्हे.

१६ एप्रिल, सकाळ
आदर्श उत्तर लिहावयास बसलो. एक समीकरण, दोन टोकांना दोन अटी. पहिली पाळावी तर दुसरी मोडते. तीनदा सोडवले. उत्तर अस्तित्वात नाही.
गुरुजींच्या चार ओळींत हेच होते.

१९ एप्रिल, रविवार
गुणदुरुस्तीची मुदत पंचवीसपर्यंत. परीक्षा विभागास पत्र धाडण्याचा भीष्मसंकल्प. पाचवा मसुदा सिद्ध. ‘चूक’ हा शब्द भाषेच्या उदात्ततेस बाधक वाटल्याने गाळला. गुरुजींचे नावही, निव्वळ सौजन्यापोटी. हिने वाचून विचारले, अहो, मुंज कुणाची आहे?

२२ एप्रिल
सासुरवाडीचे पाहुणे. वेरूळ दाखवणे क्रमप्राप्त. अखंड डोंगर वरून खाली कोरला, खोडरबर न वापरता! मान वर करवेना. पत्र उद्या.

२४ एप्रिल, दुपारी ४
पत्र परीक्षा विभागातील रामकिसन बाबूंच्या हाती दिले. ‘अनवधानजन्य विपर्यासाने व्यथित अस्मादिकांस परिमार्जनाचा अवकाश लाभावा.’ अंतःकरण निर्मळ झाले. दोन वाट्या श्रीखंड.

२५ एप्रिल, सायंकाळी
निकाल लागला. गुरुजी नापासच. धावत विभागात गेलो. रामकिसन बाबू म्हणाले, सर, ‘व्यथित’ अन् ‘अवकाश’ वाचलं, म्हटलं तब्येत लई बिघडली दिसते. तीन दिवसांची रजा मंजूर करून घेतली. साहेबांनी ‘काळजी घ्यावी’ असा शेराही मारलाय. मुदतीचं म्हणाल तर पाचला संपली.

२७ एप्रिल
रजेवर. बसने चितेगाव. गुरुजी शाळेच्या ओट्यावर भेटले. सारे सांगितले, संस्कृताविना. त्यांनी आधी पाणी दिले. म्हणाले, प्रश्न वाचला तव्हाच मला ठावं व्हतं, सर. पण तुम्ही मोठी माणसं, कसं बोलावं? ऑक्टोबरचा फॉर्म भरनार हाये. मग अदबीने विचारले, पेपर कोन काढनार? मीच, म्हणालो. गुरुजी म्हणाले, मंग सर, तसाच प्रश्न आला तर खरं लिहू, का पास होऊ?
विचार करून सांगतो, म्हणालो. परतीची बस उभीच होती.