त्रेसष्ट आवाज ज्यांचे त्यांना

मी, अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलते करण्यात चाळीस वर्षे घालवलेली बाई, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, दडपण कोणाचेही नाही. अक्षर हलले आहे ते आजाराने नव्हे, आनंदाने. वकीलसाहेबांनी तशी नोंद घ्यावी. मंगळवारी जे घडले त्यानंतर मरायची मुळीच इच्छा नाही. पण काही गोष्टी आत्ताच कागदावर आलेल्या बऱ्या.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेत असेल ते धाकट्या बहिणीला. आईच्या आजारपणात ती आठ महिने फिरकली नाही, हे मी विसरलेले नाही. तरी घर तिलाच. वाद नको.

२. मुलांच्या आवाजाच्या त्रेसष्ट कॅसेटी मी कोणालाच देत नाही, कारण त्या माझ्या नाहीत. हे मला एका अकरा वर्षांच्या मुलीने शिकवले.

तिला वर्गात 'रेडिओ' म्हणतात, बोलताना खरखर होते म्हणून. तिने ते नाव हट्टाने स्वतःच घेऊन टाकले. गेल्या वर्षी शाळेने तोंडी परीक्षा ऐकून गुण देणाऱ्या मशीनकडे दिली. रेडिओ शब्दावर अडली की मशीन म्हणे, "उत्तर मिळाले नाही," आणि पुढचा प्रश्न. येत असलेल्या दहाही उत्तरांना शून्य. मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

"बाई, मशीन कुणाचं नातेवाईक नाही. सगळ्यांना सारखंच मोजतं."

"तेच तर दुखणं आहे!" मी म्हणाले.

तक्रारींचा सपाटा लावला. शेवटी मशीन बनवणाऱ्या कंपनीची एक तरुण इंजिनिअर घरी आली. "असे आवाज त्याने कधी ऐकलेलेच नाहीत," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहेत का?" आहेत का! मी स्टुलावर चढून माळ्यावरचा खोका काढलासुद्धा. तेवढ्यात बोलण्याच्या सरावाला येऊन खुर्चीत बसलेली रेडिओ म्हणाली, "त्यां... त्यांना वि... विचारलं का?"

माझा हात खोक्यावरच राहिला. लहानपणी रडत, अडखळत माझ्यावर विश्वास टाकून बोललेली ती मुले, आणि मी त्यांना न विचारता वाटायला निघाले होते.

चार महिने आम्ही दोघी फोन करत होतो. कोणी आता बस चालवतो, कोणी स्वतः बाप झाला आहे. अडतीस जणांनी हो म्हटले, नऊ जणांनी नाही. सोळा जण सापडले नाहीत. त्यांचेही नाहीच धरले. अटी रेडिओने सांगितल्या, मी लिहिल्या: नाव काढायचे, आवाज मशीनला थांबायला शिकवण्याच्याच कामाला वापरायचा, मागाल तेव्हा पुसायचा. कंपनीने कुरकुर केली, सही केली आणि त्या अडतीस आवाजांच्या प्रती नेल्या.

आणि या मंगळवारी पुन्हा परीक्षा! मला दाराशी उभे राहू दिले. रेडिओ 'प'वर अडकली. मी बोटांवर मोजत होते. सात, आठ, नऊ... मशीन गप्प. अकराव्या सेकंदाला "पृथ्वी" बाहेर पडले आणि मशीन म्हणाले, "बरोबर." मी शाळेच्या व्हरांड्यात शिट्टी वाजवली. या वयात!

तरी माझ्यामागे प्रत्येक कॅसेट ज्याची त्याला परत द्यावी. सापडला नाही तर दहा वर्षांनी नष्ट करावी. कंपनीने कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नये.

३. माझा आरसा आणि साबणाच्या फुग्यांची नळी माझ्या जागी येणाऱ्या थेरपिस्टला.

४. स्टॉपवॉच मुख्याध्यापकांना. एकदा तोंड गच्च मिटून, सगळ्यांच्या नजरेसमोर, अकरा सेकंद मोजून पाहावेत. राग नाही. थोडा आहे.

५. साक्षीदार म्हणून रेडिओला सही करायची होती. वकीलसाहेब म्हणाले, "बाळ, अठरा वर्षं पूर्ण लागतात. तुझी सही कायद्यात चालत नाही."

ती बराच वेळ अडली. आम्ही थांबलो.

"मग म... मशीनने पहिल्या दिवशी मला 'मान्य आहे' दाबायला सांगितलं, ते कसं चा... चाललं?"

वकीलसाहेबांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. हा प्रश्न तिच्याच शब्दांत मृत्युपत्राचा भाग समजावा आणि जिथे जिथे हे वाचले जाईल तिथे मोठ्याने विचारावा.

सही: वर लिहिलेली बाई
साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका २. दवाखान्यातल्या नर्सबाई
स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ जून, शनिवार, सकाळी दहा