वेळ संपल्याचा बार

नॉर्डहाफन, विस्कॉन्सिन
१८ फेब्रुवारी १९६८

प्रिय हेडी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू भुवया चढवल्या असशील. चढव. वीस वर्षं दर नाताळला तुमच्याकडून कार्ड येतं आणि त्यातला शब्द न् शब्द लॉरिनच्या अक्षरात असतो. शेवटी ‘हेडीनेही आठवण काढली आहे’ असं असतं, तेही त्यानेच लिहिलेलं. मेहुणा पत्र लिहितो आणि सख्खी बहीण लिहीत नाही! त्याला वाटतं तुला लिहायचा कंटाळा आहे. खरं कारण तुला ठाऊक आहे आणि मला.

इकडचं ठीक. तळं अजून गोठलेलंच आहे, दुकान चालतंय, डोळे मात्र चालत नाहीत, बारीक घड्याळं मी आता परत पाठवतो. शुक्रवारी तळलेले मासे खायला जातो, तिथे तीच माणसं त्याच गोष्टी सांगतात. त्यातली एक गोष्ट कायमची ठरलेली आहे, अठ्ठेचाळीसच्या बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेची. मी मासे संपवतो आणि उठतो.

ती मालिका तुला सांगायला नको, पण मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मधलंच काहीतरी गाळेन. पाच सामने. आपलं गाव आणि लॉरिनचा इंडियानाचा संघ, दोन-दोन झाले आणि पाचवा आपल्या हॉलमध्ये आला. लॉरिन तेव्हा तेहतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्ट्या. मालकांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, जिंकलात तर पुढल्या वर्षी तू प्रशिक्षक, नाहीतर आभारी आहोत. त्यासाठी तू दोन दिवस आधीच इथे येऊन बसली होतीस, माझ्या स्वयंपाकघरात.

सामन्याच्या सकाळी मी टेबलावर ते छोटं रिव्हॉल्व्हर उघडून बसलो होतो, आठवतं? वेळ संपली की बार काढायचं. यजमान गावानेच वेळ मोजणारा माणूस द्यायचा ही तेव्हाची पद्धत, आणि आमच्याकडे घड्याळजी मी एकटाच. म्हटलं, अंतिम सामना आहे, जरा लखलखीत करावं. माझं घड्याळाचं तेल काढलं, सगळ्यात पातळ, कुठल्याही फटीत शिरणारं, आणि थेंब थेंब सोडत राहिलो. तू कॉफी ओतता ओतता म्हणालीस, “पुरे की रे! सॅलडला घालतोयस का?” मग हसू आवरून म्हणालीस, “ओटमार, एकदा जिंकू दे रे त्याला. मग कुणाला पळायचंय.” मी काय म्हणालो? “मी घड्याळाचा माणूस, मी कुणाच्याच बाजूचा नाही.” केवढा तोरा होता मला! आणि तेलकट हातांनीच सहाही काडतुसं भरली.

हॉलमध्ये सिगारचा धूर इतका की पलीकडची टोपली भुरकट दिसत होती. आपली माणसं लॉरिनला जावई म्हणून छळत होती. “अहो जावईबापू, सासुरवाडीत एवढी घाई कसली? बसा, सॉसेज खा!” तो हसायचा आणि पुढल्या वेळी टोपलीत चेंडू टाकून त्यांच्याकडे बघायचा. एकट्याने एकोणीस गुण केले त्याने. शेवटच्या मिनिटाला ते एका गुणाने पुढे होते आणि चेंडू आपल्या स्टुर्मकडे. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदांचा काटाच नव्हता. सेकंद फक्त माझ्या डाव्या मुठीतल्या घड्याळात होते.

काटा रेघेवर आला. मी चाप ओढला. खट्. बार नाही. मी पुन्हा ओढला आणि बार झाला. त्या दोघांच्या मधे, हेडी, सेकंदाहून किंचित कमी वेळ गेला आणि तेवढ्यात चेंडू स्टुर्मच्या हातातून सुटला. बार झाला तेव्हा तो हवेत होता, म्हणून नियमाने ग्राह्य धरला गेला. टोपलीत गेला. आम्ही एका गुणाने विजेते.

नियम मला पाठ होता. बार वाजला नाही तर वेळ मोजणाऱ्याने ताबडतोब पंचांना सांगायचं. मी उठलोसुद्धा होतो. पण लोक मैदानात घुसले, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी त्याची टोपी माझ्या डोक्यावर घातली, आणि मी परत बसलो. मला कुणी दाबून बसवलं नाही. मला गाव जिंकलेलं आवडलं, हे खरं. मग मागे बघितलं. तू माझ्या पाठीमागे दुसऱ्या रांगेत होतीस, दोन हातांवर. तुला ते खट् ऐकू आलं होतं, चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. लॉरिन घामाने निथळत टेबलाशी आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, “चेंडू सुटला तेव्हा बार व्हायचा होता ना अजून? मग झालं तर. खेळ आहे, मेहुण्या.” तू हातमोजे चढवलेस आणि बाहेर गेलीस.

प्रशिक्षकपद गेलं आणि लॉरिन टोमॅटोच्या डब्यांच्या कारखान्यात लागला. तू त्याला सांगितलं नाहीस हे मला कार्डांवरून कळत राहिलं. आधी वाटायचं, मला वाचवतेयस. नंतर कळलं, मी सांगायची वाट बघतेयस. मला लाज वाटते, हेडी. ती वीस वर्षं वाटतेय आणि तरी मी बसूनच राहिलो.

आता कारण. एप्रिलमध्ये गावाने त्या सामन्याचा विसावा वाढदिवस ठरवलाय, दोन्ही संघांना बोलावलंय आणि मी पुन्हा तो बार काढावा अशी त्यांची हौस आहे. मी नाही म्हणून कळवलं. पण गेल्या आठवड्यात लॉरिनचं पत्र आलं. येतोय म्हणतो, उतरणार माझ्याकडेच. लिहितो, “त्या हॉलमध्ये एकच माणूस सरळ होता, आणि तो माझा मेहुणा आहे, असं मी इथे सगळ्यांना सांगतो.” हे वाचून त्याला माझ्या टेबलावर जेवू घालणं मला जमणार नाही. म्हणून पाकिटात कापसात गुंडाळलेलं ते पहिल्या खट्चं काडतूस आहे. दुकानाच्या खणात ठेवलं होतं. बुडाला रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा ठसा नीट दिसतो, पण माझं तेल आत शिरल्याने ते फुटलेलं नाही. लॉरिन कामावरून आला, हातपाय धुऊन बसला, की ते आणि हे पत्र त्याच्यापुढे ठेव. तू काही बोलू नकोस, तुझं गप्प राहणं माझ्यासाठी पुष्कळ झालं. त्यानंतरही तो यायचं म्हणाला, तर मागची खोली तयार आहे. पलंग त्याच्या उंचीला पुरत नाही, म्हणून पायथ्याशी बाकडं लावून ठेवलंय.

उशीर केलेला, पण तुझाच,
ओटमार