वंशावळीसकट आलेला टायगर

मु. पो. वरकुटे, ता. इंदापूर
दि. १९ नोव्हेंबर १९९६

श्री. रा. रा. सुभानराव यांस सिद्धूचा रामराम.

तुमची बहीण सारजा खुशाल आहे, भाची स्वराली आठवी पास होईल असं मास्तर म्हणतात आणि आमच्या वडलांचं, तात्यांचं, हृदय अजून चालू आहे. वालचंदनगरच्या क्वार्टरात तुमची मंडळी बरी असतील असं धरून चालतो. विचारपूस लांबवायला अंगात त्राण नाही.

तुम्ही राखणीला दिलेला टायगर (खरा डॉबरमन, सोबत चार पिढ्यांची वंशावळ, आमच्या घरात माणसांचीही एवढी लिहिलेली नाही) तीन वर्षांचा झाला. महिन्यामागं तो पोस्टमनच्या सायकलीमागं धावला. आम्ही कौतुकानं बघत होतो. वीस पावलांवर कुत्रं आडवं झालं. पोस्टमनच परत आला, त्यानं टायगरच्या तोंडावर पाणी मारलं आणि हाताला लागलं त्या पाकिटानं वारा घातला. ते पाकीट तुमचं होतं. तुमच्या राणीला, म्हणजे टायगरच्या आईला, यंदाही त्याच्या बापाकडंच नेणार, एवढंच त्या भिजल्या कागदातलं वाचता आलं.

मग राजदूतवर पुढं मी, मध्ये टायगर आणि मागं त्याला कवळ्यात धरून तात्या, असे बारामतीला गेलो. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी लावली, फोटो काढला. हृदय मोठं होऊन दुबळं पडलंय, या जातीत हे रक्तातूनच येतं, बरं होणार नाही, गोळ्यांवर सांभाळा आणि पळवू नका, म्हणाले. (राखणीचं कुत्रं, आणि पळवायचं नाही.) मेडिकलवाल्यानं पेशंटचं वय विचारलं. मी तीन वर्षं म्हणालो. त्याचा चेहरा असा पडला की पुढचं मला सांगवलं नाही.

घरी तात्यांनी स्वरालीकडून वंशावळ वाचून घेतली. आईकडून आजा सुलतान, बापाकडूनही आजा तोच सुलतान. तरुणपणी दोनशे मेंढरं हिंडवलेला माणूस, त्यानं ते नाव दोनदा वाचायला लावलं.

"आमी दर दोन सालानं मेंढा दुसऱ्याच्या कळपात द्यायचो," तात्या म्हणाले. "त्येच्याच पोटच्या मेंढीसंगं कदी ठिवला न्हाय. शिकल्याली माणसं हायती, एवढं कसं कळंना?"

मी थकलोय, सुभानराव. विहिरीकडं कुणी फिरकलं की कुत्र्याला मी धरून ठेवायचं आणि त्याच्याऐवजी मीच ओरडायचं. रविवारी या आणि याला घेऊन जा. बदली पिल्लू नको.

आपला,
सिद्धू

ता. क. राणीला पिल्लं होऊ देऊ नका. तिची आणि त्या नराची छाती तपासून घ्या. हे डॉक्टरांचं आणि तात्यांचं, दोघांचंही सांगणं आहे.

ता. क. दुसरं. टायगरला नेऊ नका. तो गोळी थुंकायचा. इंदापूरच्या डॉक्टरांनी तात्यांना दिलेली गोळीही तीच, आणि तेही दोन वर्षं ती गोठ्यामागं थुंकत होते. आता तात्या आधी स्वतःची गिळून त्याला दाखवतात, मग तो गिळतो. पंधरा दिवसांत दोघांनीही एक चुकवलेली नाही. कुत्रं गेलं तर तात्यांची गोळीही गेली.

तेव्हा रविवारी येताना दोघांच्या गोळ्या तिकडूनच आणा. बारामतीच्या त्या मेडिकलात मला जाववत नाही. तो पोराची तब्येत विचारतो आणि मला खरंच रडू येतं.