शिखरावरच्या वहीतली माझी ओळ

ती. हेडविगताईस,

काश्पारचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींच्या पोटाला कॉफी सोसू लागली का? इकडे सगळे खुशाल आहेत. माझीही प्रकृती उत्तम आहे आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला आहे.

तुला ठाऊकच आहे, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमचं घर डोंगर चढतं. गेली चाळीस वर्षं मीही चढलो, आणि चाळीस वर्षांत मला ते एकदाही आवडलं नाही. (हे मी रेगुलाला लग्नाआधी सांगायला हवं होतं. पण तेव्हा ती पुढे चालायची आणि मला दम लागलेला असायचा.) यंदा शनिवारी मी गुडघा दुखतो म्हणालो. सगळे हळहळले. नात सेवेरिना, वय वर्षं नऊ, मला सोडून जायलाच तयार नव्हती. रविवारी सकाळी तिला कशीबशी पाठवली. ती मंडळी तळ्यापलीकडच्या डोंगरावर जाणार होती. ती दिसेनाशी झाल्यावर मी बोट गाठली. वरच्या डेकवर खुर्ची, पेपर, पायात चपला. ताई, इतकं सुख मला लाजिरवाणं वाटायला हवं होतं, पण ते त्या वेळी वाटलं नाही.

बोटीतून उतरून तसंच घरी यायला हवं होतं. पण दिवसभराच्या तिकिटात ब्रेंडलीस्टॉक डोंगराचा रोपवेही होता आणि अर्धं तिकीट न वापरता टाकून देणं आपल्या घरात कुणाला जमलंय? गेलो वर. वरच्या हॉटेलच्या गच्चीवर आलुबुखाराचा केक खाल्ला. तिथून शिखराचा क्रूस पाच मिनिटांवर, म्हणून चपला फटफटवत तिथेही गेलो. क्रूसाखालच्या पत्र्याच्या डब्यात वही असते. ती उघडून नाव न लिहिता परत फिरणं म्हणजे कुणाच्या घरी जाऊन नमस्कार न करण्यासारखं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढे 'पायी' हे सवयीने हातून लिहिलं गेलं, ते एक वेळ माफ. पण त्यापुढे 'कोणत्या वाटेने' असा रकाना होता. मागे दोन अनोळखी गिर्यारोहक पेनासाठी थांबले होते, माझ्या चपलांकडे बघत. मी लिहिलं, 'मागच्या कड्यावरून.' ही मात्र पूर्ण शुद्धीत केलेली लबाडी.

संध्याकाळी मी दुखऱ्या गुडघ्यावरचा आपला घरचा उपाय म्हणून चक्का बांधून, पाय स्टुलावर टाकून बसलो होतो. मंडळी आली. सेवेरिनाने वाटेत हट्ट धरून बेत बदलला होता. आजोबांचा डोंगर ब्रेंडलीस्टॉक, तिथल्या वहीत त्यांचं नाव आपण लिहायचं, म्हणजे त्यांचं वर्ष चुकणार नाही. दुपारी तिने वही उघडली तर नाव आधीच हजर.

"आजोबा, या गुडघ्याने कडा चढलात? आम्हाला न सांगता?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अभिमानाचं. जावई उर्सने हसू लपवत घाईघाईने बूट काढायला घेतले. रेगुलाने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "चक्का उद्याच्या केकसाठी ठेवला होता." (नंतर उर्सकडून कळलं, वहीत माझ्या खाली तिने लिहिलंय: 'रेगुला, पायी. साक्षीदार आहेत.')

आता सेवेरिनाने शाळेत सांगून टाकलंय. येत्या रविवारी तिला माझ्याबरोबर, माझ्या वाटेने, कडा चढायचा आहे. त्या वाटेला धरून चढायच्या साखळ्या आहेत, ताई. मी ती फक्त नकाशात पाहिली आहे.

तुझा धाकटा,
काश्पार

ता. क. – म्हणून विनंती. तुमच्या धुराड्याला तडा गेलाय, काश्पारने रविवारी यावंच, असं रेगुलाच्या नावे एक पत्र टाक.

ता. क. २ – धुराडं राहू दे. हे पत्र पेटीत टाकायला निघालो तर सेवेरिना सोबत आली. पेटीपाशी सगळं सांगितलं. केकसुद्धा. ती म्हणाली, "वहीत खोडाखोड करायची नसते. खाली खरं लिहायचं. पण ते लिहायला वर पायीच जायचं, साध्या वाटेने. मी हळू चालेन."

ता. क. ३ – दाजींचे डोंगरी बूट शुक्रवारपर्यंत पाठव. माझे मी वसंतातच चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देऊन टाकले होते. हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.