कोरडी घागर

अक्षय तृतीया, संध्याकाळ. राजापेठ.

आज पाच घरी पितरांची घागर भरून दिली. शेवटच्या घरचे यजमान म्हणाले, "महाराज, जरा लवकर आटपा. आमाले सोनं घ्याले जा लागते." मीही त्यांच्या वडिलांचं नाव भरभर घेतलं. दिवस मुळात पितरांच्या तहानेचा, त्यात सोनं कधी शिरलं कोण जाणे.

घरी आलो तर परवा मीच आणलेली घागर ओट्यावर कोरडी. बायको गेल्यावरची ही पहिलीच आखाजी, आणि मीच विसरलो. रडू का येत नाही? नुसता घागरीकडे पाहत बसलो.

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर सराफाचा मेसेज आला, "सुमनताई, आजच्या मुहूर्तावर आपली वाट पाहत आहोत."

सराफाला ती आठवली.